पाहुण्यांना दिलेली रेंज

करंजदऱ्यात रेशन घ्यायचं तर आधी डोंगर चढावा लागे. तांदूळ खाली गावात, मराठी शाळेला लागून असलेल्या दुकानात असायचा. अंगठा मात्र टेकावरच्या कट्ट्यावर जाऊन द्यायचा. महिन्यातल्या ठरलेल्या तीन दिवशी मंगल चौगुले सकाळी सातला रेशनचं मशीन टॉवेलात गुंडाळून पिशवीत घालायची, वर छत्री घ्यायची आणि वीस मिनिटांची चढण चढून कट्ट्यावर बसायची. मागून कार्डवाले यायचे. अंगठा लागला की मशीनमधून चिठ्ठी निघायची, ती घेऊन माणूस परत खाली. दुपारी मंगल उतरली की दुकान उघडायचं आणि चिठ्ठीवर तांदूळ मिळायचा. कामानं अंगठ्याच्या रेषा झिजलेल्यांसाठी ती पिशवीत खोबरेल तेलाची डबी ठेवायची. तरीही कुणाचा अंगठा उठला नाही, तर त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा चढावं लागे.

याचं कारण साधं होतं. बेळगावजवळच्या उचगावच्या पुढे सात किलोमीटरवर, दोन डोंगरांच्या बेचक्यात एक्याण्णव घरं वसलेली. खाली गावात फोन म्हणजे घड्याळ आणि बॅटरी. टेकावर मात्र राज्याच्या हद्दीपलीकडच्या, चंदगडच्या बाजूच्या टॉवरची रेंज यायची. पूर्वी तिथं फोन लावला की कर्नाटकातलं सिम रोमिंगवर जायचं आणि पैसे कापले जायचे. ते बंद झालं तरी महाराष्ट्रात स्वागत करणारा मेसेज येत राहिला. गावानं तिथं दगडी कट्टा बांधला, पत्र्याचं छप्पर घातलं. परीक्षेचे फॉर्म, गॅसचं बुकिंग, पुण्याला गेलेल्या पोरींशी बोलणं, सगळं तिथंच. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा भरायचा आणि टेकावर जाणं होईल तेवढा तासभर वापरायचा. संकेश्वरचा एक केबलवाला घरोघरी वायफाय द्यायला तयार होता. त्यानं सांगितलेल्या महिन्याच्या दरात एका घराची चार महिन्यांची रिचार्जं बसली असती, त्यामुळे तो चहा पिऊन गेला तो गेलाच.

मंगलचं शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत. नवरा जोतिबा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, सकाळी सहाला मोटरसायकलनं निघायचा. बायकांच्या बचत संघाला रेशन दुकान मिळालं तेव्हा ते चालवायला कुणी पुढे येईना. मंगल आली. पहिल्या वर्षी ती कानडी परिपत्रकं शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्यायची, दुसऱ्या वर्षापासून बोट ठेवून स्वतः वाचू लागली. वजनकाट्याबाबत तिच्यावर कधी तक्रार झाली नाही. पण परवान्यात एक अट होती आणि ती मंगलला पाठ होती. मशीन परवान्यातल्या पत्त्यावरच वापरायचं. दुकानाबाहेर नेलं तर परवाना रद्द होऊ शकतो. रेंज नसलेल्या दुकानांना वहीवर वाटपाची सवलत मिळत होती, पण मंगलनं ती कधी मागितली नाही. रेंज नाही म्हटलं की दुकानच उचगावच्या दुकानाला जोडतील, अशी तिला धास्ती होती. खानापूरकडच्या एका वाडीचं तसं झाल्याचं तिनं ऐकलं होतं. सात किलोमीटर जाऊन पाठीवर तांदूळ आणण्यापेक्षा वीस मिनिटं चढलेलं परवडलं, असं तिचं गणित होतं आणि गावालाही ते पटलेलं होतं.

२०२२च्या नोव्हेंबरात टॉवर नसलेल्या गावांची पाहणी करायला बेळगावहून दोघे आले. एक ड्रायव्हर आणि एक आशिष पोतदार नावाचा पंचविशीचा इंजिनिअर. करंजदरा हे त्या दिवसाचं त्याचं सहावं गाव होतं. त्याच्याकडे रेंज मोजायचा खास फोन होता आणि गावातल्या तीन वेगवेगळ्या जागी मोजणी करायची असं त्याच्या कागदावर होतं.

सरकारी माणूस येणार म्हटल्यावर करंजदऱ्यात जे नेहमी होतं तेच झालं. रस्ता झाडला, शाळेपुढं रांगोळी पडली. पाहुण्याला गावाची उणी बाजू दाखवायची नाही, हा तिथला शिरस्ता. त्यात आशिषनं गाडीतून उतरल्या उतरल्या खिशातला स्वतःचा फोन काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. पंचायतीचे माजी सदस्य मारुतीराव पाटील पुढं झाले. साहेबांना फोन लावायचा असेल तर अशा खड्ड्यात कशाला उभं करायचं? त्यांनी सगळ्यांना टेकावर नेलं. कट्ट्यावर सतरंजी अंथरली. मंगलनं खालून पोहे आणि चहाची किटली आणली. आशिषच्या फोनवर चार काड्या आल्या, त्याचा चेहरा खुलला, तसे मारुतीरावांचे खांदे रुंद झाले.

"बघा साहेब, हिथं फुल येती," ते म्हणाले. "बेळगावात तुमच्या हापिसात येत नसंल अशी."

आशिषनं तिथंच मोजणी घेतली. दोन जागा अजून बाकी आहेत, खाली गल्लीत जाऊन येतो म्हणाला, तर मारुतीरावांनी उन्हात कशाला फिरता म्हणून त्याला बसवलं. मग त्यानं कट्ट्याच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला एक अशा उरलेल्या दोन मोजण्या उरकल्या. निघताना त्यानं समोर उभ्या असलेल्या बाईला, म्हणजे मंगलला, विचारलं की गावात रेंज येते ना?

मंगलच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा परवाना आला. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग रेशनचं मशीन कसं चालतं?

"येती की," ती म्हणाली.

पुढच्या जूनमध्ये ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टॉवर मिळणाऱ्या गावांची यादी लागली. मंगलनं बोट ठेवून वाचली. अलीकडची वाडी होती, पलीकडची होती. करंजदऱ्याचं नाव खालच्या, वगळलेल्या गावांच्या तक्त्यात होतं आणि पुढं कानडीत दोन शब्द होते, सेवा उपलब्ध. तिनं ते दोन शब्द तीनदा वाचले.

गावात आधी सरकारला शिव्या झाल्या, मग इंजिनिअरला. बस पकडून टॉवरच्या बेळगावातल्या कार्यालयात मारुतीराव आणि मंगल गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, फाईल काढली आणि शांतपणे सांगितलं की तीन मोजण्या आहेत आणि तिन्ही उत्तम आहेत. मारुतीराव म्हणाले, त्या टेकावरच्या आहेत. अधिकारी म्हणाला, असतील, पण टेक गावच्याच हद्दीत आहे ना? शिवाय तुमच्या गावच्या रेशन दुकानात महिन्याला ऐंशीच्या वर अंगठे ऑनलाइन लागतात, सगळे दुकानाच्या पत्त्यावर. रेंज नसती तर ते कसे लागले असते?

मारुतीरावांनी मंगलकडं पाहिलं. मंगलनं पिशवीचे बंद घट्ट धरले. गावाला टॉवर का मिळत नाही, याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिच्या टॉवेलात गुंडाळलेला होता, हे तिला आता कळलं होतं.

तिनं तेव्हाच काही केलं असं नाही. महिनाभर ती नेहमीसारखी टेकावर जात राहिली. ऑगस्टमध्ये चढण शेवाळली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या जयाबाई अंगठा देऊन उतरताना घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. रुग्णवाहिकेला फोन लावायला कुणीतरी पुन्हा वर धावलं. गाडी यायला दीड तास लागला, तो वेळ मंगल चिखलात जयाबाईंचा हात स्वतःच्या मांडीवर धरून बसली होती.

जयाबाई कळवळत होत्या, पण जीभ ठिकाणावर होती. "मंगल, पुढच्या म्हयन्याला डावा अंगठा चालतोय व्हय गं तुझ्या मशीनला? का त्येलाबी उजवाच लागतोय जेवल्यागत?"

मंगलला हसू आलं नाही. त्या संध्याकाळी तिनं जोतिबाला सांगितलं की ती अर्ज देणार आहे आणि त्यात मशीन टेकावर नेत असल्याचं लिहिणार आहे. जोतिबा भट्टीवरचा माणूस, मोजून बोलणारा. त्यानं एवढंच विचारलं की दुकान गेलं तर? ती म्हणाली, गेलं तर गेलं. त्यावर तो म्हणाला की दुकान तुझं एकटीचं नाही, गावाचं आहे, तेव्हा गावाला सांगून लिही.

म्हणून शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. निम्म्या लोकांचं मत सरळ होतं. टॉवर मिळायचा तेव्हा मिळेल, असलेलं दुकान कशाला घालवायचं. मारुतीराव तर चिडलेच.

"आक्का, तू सोताच्या हातानं सोतावर केस घालायलीस."

"खोटं मी बोलले, आप्पा. मग खरं दुसऱ्यानं सांगायचं व्हय?"

"अगं, खोटं तू एकटी बोललीस काय? सतरंजी कुणी हातरली? मी."

"मग तुमीबी सही करा."

व्हरांड्यात हसणं उसळलं. मारुतीराव हसले नाहीत, पण सही केली. त्यांच्यानंतर आणखी सत्तर सह्या झाल्या. एकोणीस घरांनी केल्या नाहीत आणि मंगलनं त्यांच्याकडं पुन्हा मागितल्या नाहीत.

अर्ज मंगलनं आधी मराठीत लिहिला. बेळगावात बी.कॉम.ला असलेल्या तिच्या मुलीनं, तेजस्वीनं, तो कानडीत केला. मंगलनं तो बोट ठेवून वाचला आणि दोन ठिकाणी अडली. तेजस्वीनं 'अडचणीमुळे क्वचित' असं घातलं होतं. मंगलनं 'क्वचित' खोडायला लावलं आणि तिथं 'चार वर्षं, दर महिन्याला, तिन्ही दिवस' असं लिहायला सांगितलं. अर्जासोबत एक कागद होता. त्यासाठी तिनं आठ दिवस गावात घरोघरी फिरून तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन दारात, परसात आणि माळ्यावर धरून पाहिले होते. एक्याण्णव घरांपैकी चार घरांच्या माळ्यावर एखादी काडी येत होती, ती चार घरं तिनं वेगळी दाखवली होती. अर्जाच्या दोन प्रती निघाल्या, एक टॉवरच्या कार्यालयाला, एक अन्न खात्याला. शेवटी एक विनंती होती, की दोन्ही खात्यांच्या माणसांनी एकाच दिवशी, रेशनच्या दिवशी यावं.

अन्न खात्याचं उत्तर आधी आलं. चौकशी होईपर्यंत दुकान स्थगित, कार्डं उचगावला जोडली. सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने करंजदऱ्याची माणसं सात किलोमीटर गेली. मंगलला ज्याची धास्ती होती तेच तिच्या अर्जानं झालं होतं. सही न केलेल्यांना आता बोलायला तोंड फुटलं. टेम्पोतून पोती उतरवताना एकजण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "आक्कानं खऱ्याचा टॉवर हुबा केलाय. लई उंच हाय, पण रेंज न्हाय त्याला." मंगलनं स्वतःचं पोतं डोक्यावर घेतलं आणि जयाबाईंचंही नेऊन त्यांच्या घरात ठेवलं.

नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, चौकशीपुरतं मशीन चालू करून, दोघं आले. अन्न खात्याच्या निरीक्षक प्रमोदिनी मॅडम, आणि टॉवरच्या कार्यालयाकडून पुन्हा आशिष पोतदार. रस्ता या वेळीही झाडलेला होता, रांगोळीही होती. पण मंगलनं गावाला आदल्या दिवशीच बजावलं होतं की कुणी टेकावर जायचं नाही आणि कुणी पाहुण्यांना वर न्यायचं नाही. दुकानात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. चहा तिथंच आला. पन्नासभर कार्डवाले दारात रांगेत बसले होते, जयाबाई पहिल्या.

मंगलनं मशीन चालू केलं. पडद्यावर गोल फिरायला लागला. नऊ वाजले, साडेनऊ झाले, गोल फिरतच होता. मॅडमनी मशीन स्वतःच्या हातात घेतलं, बंद केलं, चालू केलं. मग त्यांना बेळगावच्या कार्यालयातून एक तपशील हवा होता, म्हणून त्यांनी फोन काढला. दारात गेल्या, शाळेच्या मैदानात गेल्या, फोन डोक्यावर धरून हौदापर्यंत गेल्या. मारुतीरावांना ते पाहवेना. ते उठले, "मॅडम, जरा वर" एवढं त्यांच्या तोंडून गेलं.

"आप्पा, बसा," मंगल म्हणाली.

मारुतीराव बसले. रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

आशिष या वेळी चहा घेऊन लगेच उठला. गल्लीगल्लीतून फिरत त्यानं तीनऐवजी चौदा जागी मोजणी केली. मंगलच्या कागदावरच्या चार घरांच्या माळ्यावरही तो चढला आणि तिथं तिनं लिहिलं होतं तेवढीच एक काडी मिळाली. साडेअकराला दुकानात परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला कोळिष्टकं लागली होती. मॅडम पंचनामा लिहीत होत्या. मंगलकडं न बघता तो म्हणाला, "मागच्या वेळी मी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही येते म्हणालात."

"म्हणाले होते. खोटं बोलले," मंगल म्हणाली. "तेबी लिवून घ्या, साहेब. आन तुमी खाली मोजलं न्हाईसा, तेबी लिवा."

आशिषनं दोन्ही लिहिलं. प्रमोदिनी मॅडमनी मान वर केली, त्याच्या कागदाकडं पाहिलं आणि आपलं लिहिणं पुढं चालू ठेवलं. बारा वाजता त्यांनी मशीन पुन्हा एकदा पाहिलं. त्या दिवशी करंजदऱ्यात एकही अंगठा लागला नाही, असं पंचनाम्यात शेवटचं वाक्य पडलं.

डिसेंबरात आदेश आला. दुकान करंजदऱ्यातच राहील आणि टॉवर होईपर्यंत वहीवर वाटप करायला परवानगी. परवानाधारक मंगल जोतिबा चौगुले यांनी अट मोडल्याचं स्वतः मान्य केलं आहे, गैरव्यवहार आढळला नाही, सबब लेखी ताकीद देण्यात येत आहे. पुन्हा असं घडल्यास परवाना रद्द होईल. टॉवरच्या यादीत गावाचं नाव वरच्या तक्त्यात गेलं ते फेब्रुवारीत. टॉवर उभा राहायला आणखी सव्वा वर्ष लागलं, कारण आधी जागेचा ठराव, मग विजेची लाइन, मग पावसाळा. जागा टेकावर द्यायची की गावात, यावर ग्रामसभेत वाद झाला आणि शाळेमागच्या गायरानावर तो मिटला.

आता रेशनचे तीन दिवस एका दिवसात उरकतात. सकाळी आठला उघडलेलं दुकान अकराला बंद होतं. मंगलनं स्वतःच्या घरासाठी सगळ्यात स्वस्त रिचार्ज घेतला आहे आणि तो अठ्ठावीस दिवस पुरतो, असं ती जोतिबाला दर महिन्याला सांगते. सही न केलेल्या एकोणीस घरांतल्या तिघी आता बचत संघाच्या सभासद आहेत. त्या वेळच्या गोष्टीविषयी तिनं त्यांना काही विचारलेलं नाही.

दुकानात साठ्याचा फलक लावायचा नियम आहे. तांदूळ किती, जोंधळा किती, तक्रार कुणाकडं. त्या फलकाशेजारी मंगलनं ताकीदपत्र प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलं आहे, गोल शिक्का आणि सहीसकट. यंदाच्या एप्रिलमध्ये प्रमोदिनी मॅडम वार्षिक तपासणीला आल्या. वजनकाटा पाहिला, साठा मोजला, मशीनवर पाच अंगठे लावून पाहिले. निघताना त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं. हे पत्र लावायची काही गरज नाही, लोक वाचतात, बरं दिसत नाही, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. काढून टाका, म्हणाल्या.

मंगलनं फलकावरचा त्या दिवसाचा आकडा पुसला आणि नवा लिहिला. मग हात झटकून वळली.

"मॅडम, माझ्या नावानं सरकारनं लिवलेलं एकच पत्र हाय ते," ती म्हणाली. "त्यात खोटं काय लिवलंय? ऱ्हाऊ दे."

मॅडमनी पत्राकडं आणखी एकदा पाहिलं. तपासणीच्या नोंदवहीत 'सर्व व्यवस्थित' असं लिहून त्यांनी सही केली आणि पत्र भिंतीवर तसंच राहिलं.